सशाला सोबती आणताना

२०२३ च्या पावसाळ्यात, भाताची लावणी आटोपली त्या सुमारास, आमच्या धर्मग्रामातील एका शेतकरी कुटुंबात एक पांढरा ससा मेला. त्याच्या मरणास आमचा सल्ला कारणीभूत झाला, हे या पानावर लिहिताना आम्हास संकोच वाटतो. परंतु त्यानंतर आणखी तीनचार घरांत हाच प्रकार घडल्याचे कानी आले, तेव्हा संकोच बाजूला ठेवणे भाग आहे.

घडले ते असे. त्या घरातील मुलाला प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी मामाने दोन ससे दिले होते. पैकी एक कुत्र्याने नेला. राहिलेला नर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठ करून बसे, गवत पुढे टाकले तरी लवकर तोंड लावीत नसे. आजारी आजोबांस भेटावयास आम्ही गेलो असता आजी म्हणाली, "फादर, ह्ये एकटंच पडलंय बघा. नीट खाईत न्हाई." आम्ही चहाचा पेला हाती घेता घेता बोलून गेलो, "एकट्याला करमत नाही त्याला. दुसरा आणून सोडा, म्हणजे रमेल." धर्मगुरू बोलला की आमच्या लोकांस तो शब्द प्रमाण! येत्या बाजारी त्यांनी मादी म्हणून एक करडा ससा विकत आणला आणि दिवेलागणीस जुन्याच्या पिंजऱ्यात सोडला. रात्री धडपड ऐकू आली, ती खेळाची समजून सारे निजले. सकाळी पाहतात तो जुन्याचा कान फाटलेला, जांघेत खोल जखम, आणि पिंजराभर केस. आणलेली मादी मादी नव्हतीच, तोही नरच होता. जखमी सशाने खाणे सोडले आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. मुलगा पुढचे दोन रविवार धर्मशिक्षणाच्या वर्गास आला नाही. आजीने आम्हास एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि तेच आम्हास अधिक लागले.

त्या करड्या सशाकडे त्या घरी कोणी पाहीनासे झाले, म्हणून आम्ही त्याला धर्मगुरूनिवासात आणले. पशुवैद्यांस विचारले, मिळेल ते वाचले, आणि पुढे त्याची जोडी स्वतः जुळवून पाहिली. त्यावरून आमचे मत असे बनले आहे की, ससा एकटा ठेवणे ही चूकच. परंतु शस्त्रक्रियेवाचून आणि धीर धरल्यावाचून त्याच्याजवळ दुसरा सोडणे ही त्याहून मोठी चूक होय. ज्यास या दोन्ही गोष्टी जमणार नाहीत त्याने दुसरा आणू नये. आहे त्यालाच रोज सकाळसंध्याकाळ पिंजऱ्याबाहेर काढावे, त्याच्याजवळ जमिनीवर बसावे, घरातल्या माणसांचीच त्याला सोबत द्यावी. ती सशाच्या सोबतीइतकी पुरी पडत नाही, पण रक्तपातापेक्षा बरी.

येथे एका गैरसमजाचा उलगडा आधी केला पाहिजे, कारण आमच्या भाषेने तो वाढवला आहे. आपल्या रानात, उसाच्या फडात, काजूच्या बागेत दिसतो त्यालाही आपण ससाच म्हणतो आणि पिंजऱ्यातल्या पांढऱ्यालाही ससाच. प्राणी मात्र दोन आहेत. पिंजऱ्यातला ससा मूळचा स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्सकडचा. तो जमिनीत बिळे करून टोळीने राहतो, आणि त्याची पिले उघडी, आंधळी, बिळातच जन्मतात. आपला रानससा बीळ करीत नाही. तो एकटा राहतो, गवतात अंगापुरती जागा करून बसतो, आणि त्याची पिले जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात. या दोहोंचा संकर होत नाही. ऊसतोडीच्या वेळी पिलू सापडले म्हणजे "आईवेगळे झाले, घरच्या सशाला सोबत होईल" म्हणून पोरे ते घरी आणतात. ते आईवेगळे झालेले नसते. रानसशाची मादी पिलांजवळ बसून राहतच नाही, वास लागून शत्रू येऊ नये म्हणून दूर राहते आणि अंधार पडू लागला की दूध पाजून जाते. तेव्हा पिलू जेथे होते तेथेच, फार तर लगतच्या बांधाच्या आडोशाला, ठेवून द्यावे. शिवाय रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तो धरणे आणि पाळणे गुन्हा आहे. पाळीव सशाला त्याची सोबत तर होत नाहीच, दोघेही भेदरून जातात.

आता मूळ मुद्दा. टोळीने राहणारा प्राणी मग सोबत्याच्या अंगावर का धावतो? कारण टोळीलाही हद्द असते. ससा हनुवटीखालच्या ग्रंथीने, मुताने, लेंड्यांनी आपली जागा आखून ठेवतो. पिंजऱ्याचा गज घासताना आपण पाहतो, तो लाडाने घासतो असे वाटते. प्रत्यक्षात तो हद्दीचे दगड पुरत असतो. त्या हद्दीत अचानक परका आला म्हणजे काय होते, हे बांधाच्या वादात आयुष्य घालवलेल्या आमच्या शेतकरी बंधूंस वेगळे सांगावयास नको. रानात हरलेला ससा पळून तरी जातो. पिंजऱ्यात पळावयास जागा नसते, आणि जिंकणारा थांबत नाही.

खरे पाहता हे शास्त्र आपल्याला नवीन नाही. बाजारातून नवा बैल आणला म्हणजे त्याला पहिल्याच रात्री कोणी जुन्या बैलाशेजारी मोकळा सोडतो काय? दूर बांधतो, मध्ये म्हैस बांधतो, एकमेकांचा वास येऊ देतो, मग चार दिवसांनी जुवाखाली आणतो. आणि गोऱ्हा खच्ची केल्यावाचून औताला लावीत नाही. जी अक्कल आपण गोठ्यात वापरतो ती पिंजऱ्यापाशी येताच का विसरतो? ससा लहान आणि मऊ आहे म्हणून त्याला राग नसेल, असे आपण धरून चालतो.

ससा चौथ्या महिन्याच्या सुमारास वयात येऊ लागतो. त्यापूर्वी एकाच वेतातले भाऊ गुण्यागोविंदाने नांदतात, आणि "आमचे दोन नर एकत्रच वाढलेत" असे लोक अभिमानाने सांगतात. वयात आल्यावर तेच दोघे एकमेकांच्या वृषणांवर दात घालतात. दोन माद्याही भांडतात, विशेषतः एखादीस खोटा गर्भ राहिला म्हणजे. ती पोटाचे केस उपटून घर करू लागते आणि कोणास जवळ येऊ देत नाही. नर आणि मादी एकत्र ठेवले तर तंटा कमी, परंतु संसार आवरत नाही. सशाच्या मादीस माजाची वाट पाहावी लागत नाही. समागमानेच बीज सुटते. सुमारे ३१ दिवसांनी ती विते, सहा-आठ पिले होतात, आणि व्यालेल्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते. चार महिन्यांत त्या पिलांचाही प्रश्न उभा राहतो. आमच्या ओळखीच्या एका घरी दोनांचे वर्षभरात किती झाले ते त्यांनाही मोजता आले नाही.

जे मांसासाठी ससे पाळतात त्यांची रीत वेगळी. ते मोठा नर नेहमी एकटा ठेवतात आणि संबंधापुरती मादी नराच्या पिंजऱ्यात नेतात, नराला मादीच्या पिंजऱ्यात कधीच नेत नाहीत, कारण मादी आपल्या जागेत त्याला फाडते. आम्ही येथे बोलतो ते घरी लळ्याने पाळलेल्या सशांविषयी.

तेव्हा पहिली गोष्ट शस्त्रक्रियेची. सर्वांत चांगली जोडी म्हणजे खच्ची केलेला नर आणि गर्भाशय काढलेली मादी. नराची शस्त्रक्रिया सोपी. परंतु ती झाल्यावरही सुमारे सहा आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, आणि त्याच्या अंगातील तापटपणा उतरण्यासही तेवढाच काळ जातो. म्हणून टाके वाळले की लगेच गाठ घालून देऊ नये. मादीची शस्त्रक्रिया मोठी आहे, पण तिच्या स्वतःच्याही हिताची आहे. वय वाढलेल्या, शस्त्रक्रिया न झालेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. गुरांचा डॉक्टर कितीही चांगला असला तरी त्याने सशांवर हात चालवला आहे काय, हे आधी विचारावे. त्याची एक खूण आम्हास सांगण्यात आली: सशाला ओकता येत नाही, त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते, म्हणून त्याला शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवावयाचे नसते. जो डॉक्टर "रात्रभर उपाशी ठेवून आणा" म्हणेल त्याच्याकडून ससा परत आणावा आणि शहरातील जाणत्याकडे न्यावा.

एका सद्‌गृहस्थाने आम्हास मिस्सेनंतर बाजूला घेऊन विचारले की, धर्मगुरूने अशा शस्त्रक्रियेचा पुरस्कार करावा काय? त्यांच्या गोठ्यातील दोन्ही बैलांकडे बोट दाखवण्यापलीकडे आम्ही उत्तर दिले नाही. ख्रिस्तसभेची ती शिकवण माणसांसाठी आहे.

दुसरी गोष्ट नवख्याला वेगळे ठेवण्याची. बाजारातून आलेला ससा निदान दोन आठवडे दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या भांड्यांत ठेवावा. नाकावर, कानांच्या कडांवर, पायांच्या बोटांवर पांढरट खपल्या दिसल्या तर ती खरूज आहे, आणि ती माणसाच्या हातावरही खाज आणते. नाक वाहणे, पुढचे पाय आतून ओले असणे, हगवण, यांपैकी काही असेल तर आधी औषध, मग ओळख. कुत्र्याच्या गोचिडांसाठी घरात असलेले फिप्रोनिल सशाला लावू नये, ते त्याला विषासारखे आहे. विकणाऱ्याने नर म्हटले काय आणि मादी म्हटले काय, डॉक्टरकडून पाहून घ्यावे. लहान वयात जाणत्याचाही डोळा चुकतो, आणि ती चूक कशी भोवते ते वर लिहिलेच आहे.

आता आमच्या निवासात काय झाले ते सांगतो. करड्याची शस्त्रक्रिया झाली, सहा आठवडे गेले. शहरातील एका कुटुंबास आपली मादी सांभाळणे जमेना. तिची शस्त्रक्रिया आधीच झालेली होती, ती आम्ही आणली. पंधरा दिवस ती मागच्या पडवीत राहिली. नंतर दोघांचे पिंजरे शेजारी आणले, मध्ये दुहेरी जाळी लावली, आणि दोन जाळ्यांत चार बोटांचे अंतर ठेवले. एकेरी जाळीतून नाक चावले जाते. पहिले चार दिवस करडा जाळीवर पुढचे पाय आपटीत होता. एक दिवसाआड आम्ही दोघांची अंथरलेली पोती अदलाबदल करीत असू, पुढे पिंजरेच अदलाबदल केले, म्हणजे एकमेकांच्या वासात झोपणे भाग पडे. खाणे जाळीच्या दोन्ही बाजूंस, समोरासमोर देत असू. तिसऱ्या आठवड्यात दोघे जाळीच्या दोन अंगांस पाठ टेकून निजलेले दिसले, तेव्हा समोरासमोर आणावयाचे ठरवले.

जागा निवडली ती धर्मशिक्षणाच्या वर्गाची, कारण दोघांपैकी एकानेही तेथे पाऊल ठेवले नव्हते. ही गोष्ट अत्यंत महत्त्वाची. घरात अशी जागा नसेल तर शेजाऱ्याची पडवी मागावी. शहाबादी फरशीवर सशाचे पाय सरतात आणि तो घाबरतो, म्हणून खाली पोती अंथरली. मध्ये गवताचा मोठा ढीग, पाण्याची दोन भांडी, आणि दोन्ही तोंडे उघडी असलेला पुठ्ठ्याचा खोका. एकच तोंड असलेला खोका ठेवल्यास आत शिरलेला कोंडीत सापडतो. वेळ सकाळची थंड. ससा उन्हाळा सोसत नाही, तापमान ३० अंशांवर गेले की तो धापा टाकू लागतो, त्यात भांडणाची भर नको. आमच्या हाती केरसुणी आणि जाड टॉवेल.

पहिल्या दिवशी दहा मिनिटे. एकमेकांकडे पाहिलेही नाही, दोन टोकांस बसून गवत खाल्ले. आम्हास वाटले काहीच झाले नाही. डॉक्टर म्हणाले, यापेक्षा चांगली सुरुवात नाही. दुसऱ्याकडे दुर्लक्ष करणे म्हणजे त्याचे भय नसणे. त्यानंतर रोज पंधरा मिनिटे, मग अर्धा तास, आणि प्रत्येक वेळी सारे शांत असतानाच उठावयाचे. मादी त्याच्या पाठीवर चढे, तो पुढे पळे. हे कामवासनेने नव्हे, वडीलकी कोणाची ते ठरवण्यासाठी असते. थोडा वेळ चालू द्यावे. मात्र उलट्या बाजूने, तोंडाकडून चढल्यास लगेच सोडवावे, कारण खालच्याचे दात नको त्या जागी पोचतात. थोडे पळवणे, केसांचा एखादा पुंजका जाणे, येथवर ठीक. पण कान मागे चिकटले, शेपूट वर उठली, गुरगुर ऐकू आली, आणि दोघे एकमेकांच्या शेपटीमागे गोल फिरू लागले, म्हणजे पुढच्या क्षणी लढाई आहे असे समजून मध्ये केरसुणी घालावी. हात घालू नये. आम्ही नवव्या दिवशी हात घातला, त्याची खूण अंगठ्यावर अजून आहे. त्या दिवशी दोन आठवडे मागे जाऊन पुन्हा जाळीपासून आरंभ करावा लागला.

निवासात स्वयंपाक पाहणारी बाई हे सारे पाहत असे. ती एकदा म्हणाली, "फादर, पोरीची सोयरीक जुळवायला सुदीक एवढा येळ लागत न्हाई." लागत नाही हे खरे, आणि त्यातल्या काहींचे पुढे काय होते ते आमच्याकडेच सांगावयास येतात.

समोरासमोर आणल्यापासून सातव्या आठवड्यात करड्याने मादीपुढे येऊन डोके जमिनीला टेकवले. ती थोडी थांबली आणि तिने त्याचे कपाळ चाटले. सशांत हा करार समजावा. त्यानंतर दिवसभर एकत्र, आणि दोन रात्री आम्ही पाळीपाळीने जागून काढल्या. नवा पिंजरा न आणता जुनाच पाण्यात व्हिनेगर घालून घासला, उन्हात वाळवला, आणि वेगळ्या जागी मांडला, म्हणजे तो कोणाच्याच हद्दीत राहिला नाही. काही जोड्या आठवड्यात जुळतात, काहींस महिने लागतात, आणि काही कधीच जुळत नाहीत. न जुळल्यास दोघांस जाळीच्या दोन बाजूंस ठेवावे. त्यातही दोघांस सोबत मिळते.

काही लोक दोघांस एका टोपलीत घालून दुचाकीवरून खडबडीत रस्त्याने फिरवून आणतात, आणि ते एकमेकांस चिकटून बसले की "जमली जोडी" म्हणतात. आम्हास ही रीत मुळीच मान्य नाही. पुरात एका झाडावर साप आणि उंदीर बसतात, म्हणून त्यांची मैत्री होत नाही. भयाने सशाचे पोट बंद पडते, आणि ससा १२ तास काही खात नसेल, लेंड्या टाकत नसेल, तर त्याचा जीव धोक्यात आहे असे समजून डॉक्टर गाठावा. "उद्या बघू" म्हणून त्या पांढऱ्या सशाच्या घरी दोन दिवस गेले. सशाला गिनीपिगची सोबत देण्याची सूचनाही कोणी करतात. तीही नको, गिनीपिगचे खाणे वेगळे, आणि सशाची एक लाथ त्याला भारी पडते.

चावा झाला तर जखम बारीक दिसते आणि आत पू धरते. सशाचा पू दह्यासारखा घट्ट, तो आपोआप वाहून जात नाही. पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसून एका दिवसात अळ्या पडतात. मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन डॉक्टरकडे न्यावे. घरात उरलेली माणसांची अमॉक्सिसिलिनची गोळी किंवा कोणतेही पेनिसिलिन तोंडाने मुळीच देऊ नये. त्याने आतड्यातील उपयोगी जंतू मरतात आणि ससा जखमेने न मरता औषधाने मरतो.

इतका खटाटोप एका सशासाठी? बैलाला पेंड नाही, भाताला भाव नाही, आणि फादर सशाच्या शस्त्रक्रियेची गोष्ट करतात, असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्याला पैसा नाही त्याने ससा न आणण्यात काहीच कमीपणा नाही. परंतु मुलाच्या हट्टापायी, किंवा वाढदिवसाची भेट म्हणून, बाजारातून स्वस्तात जीव आणावयाचा आणि पुढचा खर्च आला की हात झटकावयाचे, ही रीत आम्हास पसंत नाही. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षे जगतो. पहिला ससा आणतानाच दुसऱ्याचा आणि दोघांच्या शस्त्रक्रियेचा हिशेब करावा. हिशेब जमत नसेल तर मुलाला कोंबडीची पिले द्यावीत. ती अंडी तरी देतील.

जोडी जुळली की ती मोडू नये. एकाला डॉक्टरकडे न्यावयाचे असले तरी दोघांस न्यावे. चार दिवस दूर राहून दवाखान्याचा वास घेऊन परतलेल्याला घरचा ओळखत नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. दोघांतला एक मेला तर शव लगेच उचलू नये, दुसऱ्याला ते हुंगू द्यावे, काही वेळ जवळ बसू द्यावे. तसे न केल्यास तो दिवसचे दिवस शोधीत फिरतो. त्यानंतर तो खातो की नाही यावर डोळा ठेवावा.

तो मुलगा आता नववीत आहे. गेल्या वर्षापासून तो रविवारी वर्ग सुटल्यावर निवासाच्या मागल्या दारी येतो, हराळीची पेंढी ठेवतो आणि जातो. करड्याला त्याने अजून हात लावलेला नाही, मादीला लावतो.

आमची दुहेरी जाळी आणि तिची लाकडी चौकट आता कोठारात पडून आहे. ज्यास हवी असेल त्याने रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर येऊन न्यावी. परत आणताना मात्र घासून, उन्हात वाळवून आणावी.